बुजवलेल्या तळ्यांची साक्ष

१/ १५ जानेवारी १९३४. दुपारी दोन वाजून गेल्यावर उत्तर बिहार आणि नेपाळची भूमी हादरली. दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा, सीतामढी आणि काठमांडू येथे अपरिमित हानी झाली. इतिहासाच्या अभ्यासकांना हा भूकंप मुख्यतः एका वादामुळे ठाऊक आहे. महात्मा गांधींनी या आपत्तीचा संबंध अस्पृश्यतेच्या पापाशी जोडला आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. (थ्रेड)

२/ फेब्रुवारी १९३४ मध्ये ‘हरिजन’ पत्रात ठाकुरांचे निवेदन आणि त्यावरील गांधीजींचे उत्तर प्रसिद्ध झाले. भौतिक आपत्तीचे मूळ भौतिक घटनांतच शोधले पाहिजे, हा ठाकुरांचा आग्रह होता. श्रद्धा आणि विवेक यांच्या इतिहासात या वादाला मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच सुमारास काही माणसे बिहारच्या चिखलात उतरून नेमके तेच भौतिक कारण शोधत होती. त्यांची आठवण फारशी कोणी ठेवली नाही.

३/ ही माणसे होती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची. १९३९ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. उत्तर बिहारात त्यांना सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा एक विलक्षण पट्टा आढळला. तेथे जमिनीला भेगा पडून वाळू आणि पाण्याचे फवारे उडाले होते, शेते वाळूखाली गेली होती आणि विहिरी बुजल्या होत्या. अनेक घरे कोसळण्याऐवजी कलून जमिनीत रुतली होती. अहवालाने या प्रदेशाला ‘स्लम्प बेल्ट’ म्हटले. मराठीत त्याला ‘खचपट्टा’ म्हणता येईल.

४/ सर्वाधिक हानी जेथे, तेथेच भूकंपाचा उगम, असे त्या काळचे अनुमान होते. म्हणून उगम बिहारच्या मैदानाखाली मानला गेला. पुढे कित्येक दशकांनी भूकंपमापकांच्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या गेल्या, तेव्हा केंद्रबिंदू शंभराहून अधिक किलोमीटर दूर, पूर्व नेपाळात सरकला. गंगेच्या मैदानातील पाण्याने भरलेल्या गाळाने तेथील हानी इतकी वाढवली होती की, तज्ज्ञांनाही भूकंपाचे घर चुकीच्या जागी दिसले.

५/ भूकंपाचा इतिहास लिहिताना सहसा तीन गोष्टी नोंदवल्या जातात: भूकंप केवढा होता, कोठे झाला आणि माणसे किती गेली. चौथी गोष्ट सुटते, ती म्हणजे पायाखालची जमीन कसली होती. ही उणीव किरकोळ नाही. शहरांखालची जमीन पुष्कळदा माणसानेच घडवलेली असते. कोणी तळे बुजवले, कोणी खाडीत भराव टाकला, कोणी नदीचे पात्र वळवले. म्हणून भूकंपाचा धोका हा जितका भूविज्ञानाचा, तितकाच इतिहासाचाही विषय आहे.

६/ प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट असावा. ‘महत्ता’ म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. ती एका भूकंपाला एकच असते. ‘तीव्रता’ म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष जाणवलेला हादरा. ती गावागणिक, कधी गल्लीगणिक बदलते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात पहिली येते, घर मात्र दुसरीने पडते. या दोहोंमध्ये अंतर, खडकांची रचना आणि माती यांचा हात असतो.

७/ माती काय करते? समुद्राची लाट उथळ किनाऱ्याकडे येताना मंदावते आणि उंचावते. भूकंपलहरीचेही काहीसे तसेच होते. कठीण खडकातून ती सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने धावते. मऊ गाळात शिरली की तिचा वेग एकदम घटतो, आणि वाहून आणलेली ऊर्जा हालचालीच्या वाढलेल्या विस्तारात प्रकट होते. शिवाय खालचा खडक आणि वरचा पृष्ठभाग यांच्यामध्ये लहर अडकून वारंवार परावर्तित होते. मग हादरा नुसता मोठा होत नाही, तो लांबतोही.

८/ यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले तर तो अल्प श्रमात उंच जातो. गाळाच्या थरालाही अशी स्वतःची लय असते. तिचा आवर्तकाल ढोबळमानाने असा निघतो: थराच्या जाडीची चौपट भागिले थरातील लहरीचा वेग. इमारतीलाही लय असते. साधारण दर मजल्यामागे एक दशांश सेकंद, असा जुना अडाखा आहे. जमिनीची लय आणि इमारतीची लय जुळली की अनुनाद घडतो, आणि तेथेच विनाश ओढवतो.

९/ याचे सर्वात बोलके उदाहरण मेक्सिको सिटी. परंपरेनुसार १३२५ मध्ये अझ्टेकांनी टेश्कोको सरोवरातील बेटावर तेनोच्टिट्लान वसवले. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ते जिंकले आणि त्याच जागी आपली राजधानी उभारली. सरोवराशी जुळवून घेऊन जगणारे शहर सरोवराशी लढणारे शहर झाले. १६२९ च्या पुरानंतर ते सुमारे पाच वर्षे पाण्याखाली होते. पाणी बाहेर काढण्यासाठी शतकानुशतके कालवे आणि बोगदे खणले गेले. अखेर सरोवर जवळजवळ नाहीसे झाले.

१०/ सरोवर गेले, पण त्याचा तळ राहिला. हा तळ ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या चिकणमातीचा आहे. तिच्यातील पाण्याचे वजन घन कणांच्या वजनाच्या कित्येक पट भरते. एखाद्या शहराने पायासाठी याहून नाजूक जमीन क्वचितच निवडली असेल. मात्र ही ‘निवड’ अभियंत्यांची नव्हती, ती एका विजयाची होती. पराभूतांच्या राजधानीच्याच जागी जेत्यांची राजधानी उभी राहिली पाहिजे, या सोळाव्या शतकातील राजकीय हट्टाचे मोल विसाव्या शतकात चुकवावे लागले.

११/ १९ सप्टेंबर १९८५, सकाळी ७ वाजून १७ मिनिटे. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर, मिचोआकान प्रांतात, ८ महत्तेचा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तेथून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. एवढ्या अंतरावर हादरा क्षीण व्हायला हवा होता, आणि कठीण जमिनीवर तो झालाही. विद्यापीठ परिसरातील नोंद गुरुत्वत्वरणाच्या तीन ते चार टक्के इतकीच होती. सरोवराच्या तळावरील दळणवळण खात्याच्या केंद्रात मात्र ती सुमारे १७ टक्के भरली. एकाच शहरात, एकाच भूकंपात, चार-पाच पटींचा फरक.

१२/ त्या केंद्राखाली चिकणमातीचा थर सुमारे ३८ मीटर, आणि लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर. ३८ गुणिले ४ भागिले ७५, म्हणजे जवळपास दोन सेकंद. जमीन याच लयीत बराच वेळ डोलत राहिली. हादऱ्यात तडे जाऊ लागले की इमारतीची लय अधिक मंद होते. त्यामुळे साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती या डोलण्याच्या तावडीत सापडल्या. पुष्कळ ठेंगण्या वास्तू वाचल्या आणि ४४ मजली टोरे लॅटिनोअमेरिकाना हा मनोराही उभा राहिला. शेकडो इमारती कोसळल्या आणि हजारो माणसे दगावली.

१३/ बरोबर ३२ वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ रोजी, हे शहर पुन्हा हादरले. १९८५ च्या स्मृतिदिनाची कवायत होऊन जेमतेम दोन तास झाले होते. या वेळी महत्ता ७.१ होती, पण केंद्रबिंदू सुमारे १२० किलोमीटरवर होता आणि लहरी वेगळ्या लयीच्या होत्या. सर्वाधिक फटका जुन्या सरोवराच्या पश्चिम कडेला बसला. तेथे चिकणमातीचा थर पातळ आणि त्याची लय अधिक जलद आहे. त्यामुळे अनेक मध्यम उंचीच्या इमारती पडल्या. शहर तेच, सरोवर तेच, तरी बळी पडणारा पट्टा बदलला.

१४/ यावरून ‘मऊ माती वाईट, खडक चांगला’ असा सरधोपट निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे. काठमांडूचे खोरे म्हणजे एका प्राचीन सरोवराचा तळ. मंजुश्रीने चोभार येथे डोंगर कापून सरोवराचे पाणी काढून दिले, अशी तेथील आख्यायिका आहे. आज भूवैज्ञानिकांना खोऱ्याखाली खरोखरच सरोवरी गाळाचे जाड थर सापडतात. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ महत्तेच्या भूकंपात हे खोरे चार-पाच सेकंदांच्या संथ लयीत डोलले.

१५/ ती लय खोऱ्यातील बहुसंख्य ठेंगण्या घरांच्या लयीपासून दूर होती. म्हणून हानी भीषण असली, तरी तज्ज्ञांना वाटलेल्या धास्तीपेक्षा कमी झाली. १९३४ मध्ये पडलेला आणि नंतर पुन्हा बांधलेला धरहरा मनोरा मात्र या वेळीही कोसळला. तात्पर्य इतकेच की माती एकटी गुन्हेगार नसते. धोका हा माती, लहर आणि इमारत या तिघांच्या भेटीत असतो. पुढचा भूकंप वेगळ्या लयीचा असेल आणि खोऱ्यातील घरे उंच झालेली असतील, तर ही भेट अगदी निराळी ठरेल.

१६/ हे ज्ञान नवे आहे का? मुळीच नाही. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाचा प्रसिद्ध अहवाल १९०८ मध्ये निघाला. त्यात हॅरी वुड या अभ्यासकाने शहरातील हानीची भागवार नोंद केली आणि ती खालच्या जमिनीच्या प्रकारानुसार बदलते, हे दाखवून दिले. खडकाळ टेकड्यांवर हानी कमी, खाडीतील भरावावर अतोनात. म्हणजे बिहारच्या भूकंपाच्याही २६ वर्षे आधी हा धडा छापील स्वरूपात उपलब्ध होता.

१७/ तरी त्याच उपसागराच्या काठी, ओकलंडमध्ये, पुढे दुमजली उन्नत महामार्ग बांधला गेला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी ६.९ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा या सायप्रस मार्गाचा खाडीच्या मऊ चिखलावरील भाग कोसळून ४२ जण ठार झाले. जरा अधिक घट्ट जमिनीवरील भाग उभा राहिला. रचना एक, भूकंप एक, फरक जमिनीचा. ज्ञान छापले गेले म्हणजे ते शहराच्या हाडीमाशी भिनते असे नव्हे, याचा हा पुरावा.

१८/ भारतात असाच अनुभव अहमदाबादने घेतला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपाचा केंद्रबिंदू या शहरापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होता. तरीही साबरमतीच्या खोल गाळावर वसलेल्या या शहरात बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. पडलेल्या अनेक इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला होता आणि त्यामुळे दुबळा होता. गाळाने हादरा वाढवला, सदोष बांधकामाने त्याला वाट करून दिली.

१९/ येथे एक रास्त आक्षेप येतो. माणसे इमारती मारतात, माती नव्हे. मातीला दोष दिला की कंत्राटदार, अभियंता आणि परवाना देणारा अधिकारी नामानिराळे होतात. हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे मेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांचे ओझे अंगावर आल्यामुळे. तेथे मृत्यूचे प्रमुख कारण बांधकामच होते.

२०/ पण जमिनीचा इतिहास सांगणे म्हणजे बांधणाऱ्याला सूट देणे नव्हे. उलट त्याची जबाबदारी त्याने वाढते. जेथे तळे होते हे ठाऊक होते, किंवा ठाऊक करून घेता आले असते, तेथे ‘निसर्गाचा कोप’ ही सबब टिकत नाही. १९३४ मध्ये पापपुण्याच्या चर्चेने भौतिक कारण झाकले गेले. आज ‘एवढा मोठा भूकंप, कोण काय करणार’ हे वाक्य तेच काम करते. मोठ्या आकड्याकडे बोट दाखवले की पायाखालचा भराव कोणी पाहत नाही.

२१/ महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक लागू होतो तो मुंबईला. सात बेटांचे एक शहर झाले ते भरावाने. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डने वरळीजवळचे समुद्राचे खिंडार अडवले. विसाव्या शतकात बॅकबे येथे आणि पुढे नरिमन पॉइंट येथे समुद्र हटवला गेला. शहराच्या मराठी नावांतही हे पाणी शिल्लक आहे. पायधुनी, उमरखाडी, धोबी तलाव. ज्या ऑगस्ट क्रांती मैदानावर १९४२ चे आंदोलन पुकारले गेले, ते मैदान गोवालिया टँक या बुजवलेल्या तलावाचे.

२२/ मुंबई म्हणजे मेक्सिको सिटी नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. येथे चिकणमातीचे तसले अथांग सरोवर नाही. अनेक ठिकाणी बेसॉल्टचा खडक फार खोल नाही आणि मोठ्या इमारतींचे खांब खडकापर्यंत नेले जातात. शहर भूकंपप्रवणतेच्या मध्यम श्रेणीत गणले गेले आहे. तरी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा धक्का येथेही जाणवला होता. घाबरवणे हा या तुलनेचा हेतू नाही. मात्र आज एक बदल झपाट्याने घडत आहे.

२३/ चार मजली चाळ पाडून तेथे तीस-चाळीस मजल्यांचा मनोरा उभा राहतो. जमीन तीच राहते, इमारतीची लय पार बदलते. चाळीला जे दूरचे हादरे जेमतेम जाणवले असते, तेच मनोऱ्याला लयीत सापडू शकतात, आणि काही हादऱ्यांबाबत याच्या उलटही घडेल. म्हणून ‘शंभर वर्षांत येथे काही झाले नाही’ हा युक्तिवाद पोकळ आहे. त्या शंभर वर्षांत तेथे ही इमारत नव्हती. भूतकाळाचा दाखला द्यायचा तर तो पुरा द्यावा लागतो.

२४/ उपाय अज्ञात नाहीत. भारतीय मानक आयएस १८९३ मध्ये जमिनीच्या प्रकारानुसार आराखड्यातील भूकंपबल बदलण्याची तरतूद आहे. जबलपूर, दिल्ली, गुवाहाटी, बेंगळुरू अशा शहरांचे सूक्ष्म-क्षेत्रीकरण, म्हणजे मायक्रोझोनेशन, झाले आहे. त्यात खोल छिद्रे घेऊन मातीचे थर, लहरींचा वेग आणि भूजलाची पातळी तपासली जाते. पण छिद्रे मोजक्याच जागी घेता येतात. दोन छिद्रांच्या मध्ये बुजवलेला ओढा असेल, तर तो नकाशातून निसटू शकतो.

२५/ तेथे इतिहासाचे काम सुरू होते. जुने सर्वेक्षण नकाशे, नगर भूमापनाच्या नोंदी, गॅझेटियर, बंदर आणि नगरपालिकांचे भरावाविषयीचे कागद, स्थळनामे आणि देवळांच्या घाटांच्या खुणा हे सारे भूकंपसुरक्षेचे पुरावे आहेत. आज ते दप्तरखान्यात स्वतंत्र पडून असतात आणि भूतंत्रज्ञांचे अहवाल दुसरीकडे. प्रत्येक मोठ्या शहराने बुजवलेल्या जलाशयांचा अधिकृत नकाशा तयार करावा, तो सर्वांसाठी खुला ठेवावा आणि बांधकाम परवान्याशी जोडावा. ही मागणी अवाजवी नाही.

२६/ असा नकाशा निघाला तर घरांच्या किमती पडतील, अशी भीती व्यक्त होईल. पण घर घेणाऱ्याला सातबारावर जमिनीची मालकी पाहता येते, तर ती जमीन पूर्वी काय होती हे पाहण्याचा हक्क का नसावा? शिवाय भरावावर घर बांधूच नये असे कोणी म्हणत नाही. जमिनीची लय ओळखून, तिच्याशी न जुळणारी आणि भक्कम इमारत बांधता येते. टोरे लॅटिनोअमेरिकाना १९५६ पासून सरोवराच्या त्याच चिखलावर उभा आहे.

२७/ वाचकांपैकी ज्यांना इतिहासाची खरी गोडी आहे, त्यांच्यासाठी हे काम घराजवळच आहे. आपल्या गावातील कोणत्या बसस्थानकाच्या, मैदानाच्या किंवा वसाहतीच्या जागी पूर्वी तळे, ओढा वा खाडी होती, हे वडीलधाऱ्यांना विचारावे, जुन्या नकाशाशी ताडून पाहावे आणि वर्षासह लिहून ठेवावे. ज्यांनी ते पाणी पाहिले, त्यांची पिढी आता सरत आली आहे. माती आपली लय विसरत नाही. ती कोठे आहे, हे माणसांनी विसरू नये.

(समाप्त)